मागून येणारा वारा

जळगाव
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय वना,

पाकीट फोडताना एक वाळलेलं पान मांडीवर पडलं असेल, ते आपट्याचं आहे. काल सोनं वाटून झाल्यावर एक पान उरलं आणि ते कुणाचं आहे ते मला लगेच कळलं. आठ दसरे झाले, तुझ्या हातात सोनं दिलेलं नाही. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. लावला असता तरी दोन वाक्यांपुढे मला बोलता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितो आहे. अक्षर लागत नसेल तर वच्छलावहिनींकडून वाचून घे. कॉलेजात माझ्या वह्या तुला लागायच्या नाहीत, आता तर अक्षर आणखी बिघडलं आहे.

आधी बातमी सांगतो, कारण ती तुला असोद्याकडच्या कुणाकडून अर्धवट कळलेली असणार. झमकूला मे महिन्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देतात. तिसरी फेरी परवा झाली. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं नाही. आम्ही मान डोलावतो आणि घरी येऊन घाबरतो. केस सगळे गेले. ती दिवसभर सुती रुमाल बांधून असते. घट्ट बांधला तर डोकं दुखतं, सैल बांधला तर गुळगुळीत डोक्यावरून घसरतो. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जाईस्तोवर तिचा हात चार वेळा डोक्याकडे जातो. बाकी ती आहे तशीच आहे. नर्सला सुईपेक्षा तिच्या बोलण्याची भीती वाटते.

तिची एकच इच्छा आहे, भाऊबिजेला धुळ्याला जायचं. तिचे मोठे भाऊ दरवर्षी स्वतः यायचे, पेढ्यांचा पुडा आणि साडी घेऊन. यंदा ते अंथरुणाला खिळले आहेत. ती म्हणाली, अठ्ठेचाळीस वर्षं तो आला, एकदा मी जाते. डॉक्टरांनी पुढची फेरी दोन दिवस पुढे ढकलून भाऊबिजेनंतर ठेवली आहे, जायला परवानगी दिली आहे. पण बंद गाडीत तिला बसवत नाही. औषधामुळे वास सहन होत नाहीत. सीटचा वास, एसीचा वास, डिझेलचा वास. दोनदा प्रयत्न केला. एकदा बांभोरीच्या पुलावरून परत आलो, एकदा पाळधीहून. दुसऱ्या वेळी रस्त्याच्या कडेला तिचं कपाळ धरून उभा होतो, तेव्हा ती तोंड पुसत म्हणाली, "आपली लाल गाडी असती तर गेले असते."

गाडी आहे, वना. पिंप्राळ्याच्या गोदामात आपल्याच ताडपत्रीखाली उभी होती. माझा नातू अर्हम, तू पाहिलास तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जायचा, तो आता इंजिनिअर झाला आहे. त्याने गेल्या दोन वर्षांत ती उभी केली. रंग तोच दिला. परवा तिचा आवाज ऐकला आणि मला एकदम उखर्डू मिस्तरी आठवला. बापूजींनी नाशिकच्या एका पारशी डॉक्टरांकडून ती घेतली आणि धुळ्याला उखर्डूकडे तपासायला नेली, तेव्हा त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला, बाहेर आला आणि म्हणाला, "इंजन बठ्ठं बरोबर शे शेठ, पन माथावर काहीच नई." बापूजींना वाटलं टप आहे आणि कुठेतरी राहिला आहे. तो नव्हताच. दोन सीटा, समोर एक बुटकी काच आणि वर आभाळ. ताडपत्रीच्या व्यापाऱ्याने बिनछपराची गाडी घेतली म्हणून दाणा बाजार महिनाभर हसत होता. बापूजी हट्टाला पेटले. साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं, सून याच गाडीतून येईल.

आणि मग भुवाजी उठल्या. बापूजींच्या थोरल्या बहिणीपुढे बापूजींचंही काही चालायचं नाही, हे तू पाहिलं आहेस. त्या म्हणाल्या, "दलिचंद, गाडी उघडी असू दे. बिंदणीचं डोकं उघडं नको." धुळ्यापासून जळगावपर्यंत नवरीचा पदर डोक्यावरून एकदाही ढळता कामा नये, मागच्या अँबॅसॅडरमध्ये स्वतः बसून बघणार. ढळला तर तो अपशकुन, आणि तो त्या जन्मभर ऐकवणार. लग्नाला बारा दिवस होते. मी तडक असोद्याला तुझ्या मळ्यावर आलो. तू केळीला पाणी देत होतास. ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मंग नवरी मी होतो."

वना, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं तर ते लग्नाचे नव्हेत, त्याआधीचे ते बारा दिवस. तू तुझ्या वहिनीची साडी डोक्यावर घेऊन शेजारी बसायचास, मी पाळधीपर्यंत गाडी पळवायचो आणि पदर किती वेळा उडतो ते तू मोजायचास. पाळधीच्या स्टँडवर एका म्हातारीने तुला निरखून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "काय वं माय, नवरीले मिशा शेतस!" तू पदर आणखी पुढे ओढून लाजलास. मला हसू आवरेना म्हणून गाडी बंद पडली, आणि मग तुलाच, त्याच वेषात, ती ढकलावी लागली.

आपली पहिली चूक तुला आठवत असेल. वारा पुढून येतो, हे आपण धरूनच चाललो होतो. म्हणून समोरच्या काचेवर आणखी वीतभर काच चढवली. पदर दुपटीने उडायला लागला. मग एरंडोलच्या रस्त्यावर तू विडी पेटवलीस. मी वैतागलो होतो, म्हटलं, हे काय चाललंय. तू विडीचा धूर बोटाने दाखवलास. गाडी पुढे पळत होती आणि धूर तुझ्या मानेमागून पुढे काचेकडे चालला होता. वारा काचेवरून उडी मारून मागे जात होता आणि तिथून वळून आपल्या पाठीवर येत होता. पदर पुढून उडत नव्हताच, मागून कुणीतरी उचलून तोंडावर टाकावा तसा येत होता. गाडी थांबवून आपण दोघं पुलाच्या कठड्यावर बसलो, आणि तू विडी शेवटपर्यंत ओढलीस. मग म्हणालास, सीटांच्या मागे आडोसा पाहिजे.

इथपर्यंत आपलं एकमत होतं. पुढचं भांडण मी इतकी वर्षं माझ्या सोयीने आठवत आलो, आज तुझ्या बाजूने लिहून पाहतो. तू म्हणालास, "मोत्या, केयीच्या बागेले भित घालतात का कोनी? शेवरीची झाडं लावतात. भितीवरून वारा उडी मारतो अन् मधल्या झाडाहीवर पडतो. शेवरीतून गेला का तो दमतो." तुला बांबूच्या चौकटीवर विरळ विणीचं बारदान लावायचं होतं, ज्यातून निम्मा वारा जाईल आणि निम्मा अडेल. तू ते आणलंही होतंस, तुझ्या आईने उसवून, मधले धागे काढून दिलेलं. आणि मी म्हणालो, ताडपत्रीवाल्याच्या सुनेच्या मागे पोत्याचं फडकं? लोक काय म्हणतील? दुकानातली सगळ्यात जाड, मेणकापडी ताडपत्री काढली, लोखंडी चौकटीवर ढोलाच्या कातड्यासारखी ताणली, वर पितळी कड्या मारल्या. दिसायला झकास होती. ती घेऊन पाळधीपर्यंत एकदा जाऊन बघू, असं तू म्हणालास. मी म्हटलं, वेळ नाही. वेळ होता. मला बघायचं नव्हतं.

लग्न झालं. गल्ली नंबर चारमधून आम्ही निघालो तेव्हा अर्धं धुळं गच्चीवर होतं. शेजारी झमकू, लाल चुनडी, हातभर घुंघट. मागच्या अँबॅसॅडरमध्ये बापूजी, भुवाजी आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी तू. फागणे गेलं, पारोळा आला, पदर जागचा हलला नाही. मी तिला ताडपत्रीची सगळी हकीकत सांगितली, किती औंसाची, कुठल्या गिरणीची. मग तिला विचारलं, शाळा कुठली, नदीला पूर आला होता तेव्हा तुम्ही कुठे होतात, तुम्हाला पोहता येतं का. ती एका शब्दाने बोलली नाही. पारोळ्याला थांबलो, तू तिला पाण्याचा तांब्या दिलास. पुढे एरंडोल, पाळधी, गिरणेचा पूल. नव्वद किलोमीटर मी एकटा बोलत होतो. घरी उतरलो तेव्हा भुवाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लाखात एक." तेव्हापासून मी सगळ्यांना दोन गोष्टी सांगत आलो. माझी ताडपत्री अशी की पदर हलला नाही, आणि माझी बायको अशी लाजाळू की जळगाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही. दुसरी ऐकून लोक जास्त हसायचे, कारण त्यानंतरची झमकू सगळ्यांना माहीत होती.

आता या महिन्याचं ऐक. अर्हमने आजीच्या लोकरीचे वीतवीतभर धागे कापून सीटांच्या पाठीला, काचेला, आरशाला बांधले आणि मला शेजारी बसवून असोदा रोडने गाडी काढली. साठच्या पुढे गेल्यावर सगळे धागे पुढे तोंड करून उभे राहिले. तो म्हणाला, "दादाजी, काचेच्या मागे दाब कमी होतो, म्हणून मागची हवा पुढे ओढली जाते." मी म्हटलं, हे आम्हाला विडीने कळलं होतं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. त्याने प्लास्टिकचा जाड पारदर्शक पत्रा कापून सीटांच्या मागे बसवला. दिसायला झकास. गाडी सत्तरवर गेली आणि वारा पत्र्यावरून येऊन थेट टाळूवर पडला. मी रुमाल बांधून बसलो होतो. तो उडून समोरच्या काचेला चिकटला. अर्हमने पत्रा उंच केला, मग ठेंगणा केला, बाजूच्या फटी बुजवल्या. थोडा फरक पडला, पण रुमाल काही राहिना. घरी येऊन मी झमकूला म्हटलं, जमत नाही बाई. आश्चर्य आहे, तेव्हा साध्या ताडपत्रीने कसं जमलं होतं.

ती खाटेवर बसून मूग निवडत होती. हातातलं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "तेव्हाही जमलं नव्हतं."

मग मला म्हणाली, पेटीतली चुनडी काढा. मी काढली. तिने एक काठ उलगडून माझ्या हातात दिला. गोट्याच्या जरीपट्टीवर एका जागी जर चुरगळून काळी पडली होती आणि कापडाला बारीक बारीक भोकं होती, एका ओळीत, कमानीसारखी. मला कळेना. ती म्हणाली, दात आहेत माझे. फागण्याच्या अलीकडेच ताडपत्री शिडासारखी फुगली आणि मागून पदर उचलायला लागली. एका हातात नारळ होता, दुसऱ्या हाताने दार धरलं होतं, कारण तुम्ही गाडी अशी हाकत होतात. म्हणून पदराचा काठ घुंघटाच्या आत दातात धरला आणि जळगावपर्यंत सोडला नाही. अहो, मी लाजत नव्हते, तोंडात कापड होतं. तुम्ही विचारलंत पोहता येतं का, मला सांगायचं होतं की पांझरेत पोहायला शिकले, आईला न सांगता.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही इतक्या कौतुकाने ताडपत्री सांगत होतात, पहिल्याच दिवशी कसं सांगू? आणि नंतर ती गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की उशीर झाला. मग चुनडीची घडी घालत म्हणाली, "वनाभाऊंना माहीत आहे." पारोळ्याला तू तांब्या पुढे केलास तेव्हा पाणी प्यायला तिला काठ दातांतून सोडावा लागला. ओला, चावलेला काठ तू पाहिलास. मागच्या गाडीतून फुगलेली ताडपत्रीही तू पाहतच होतास. तिने फक्त मान हलवली, आणि तू मान हलवलीस. त्यानंतर म्हणे तू परत जाऊन भुवाजींना मुद्दाम मोठ्याने म्हणालास, काय ताडपत्री आहे मोतीची.

हे ऐकलं आणि मला एकदम आमच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आठवला. हॉल भरलेला होता. माझ्या हातात माईक होता. तू पहिल्या ओळीत बसला होतास, ताट मांडीवर घेऊन. मी नेहमीची गोष्ट सांगितली आणि त्या दिवशी शेवटी एक वाक्य नवं जोडलं, टाळ्यांसाठी. म्हणालो, आमचा वना शेवरी शेवरी करत पोतं लावायला निघाला होता. पण शेतकऱ्याला केळी कळते, वारा कळतो तो ताडपत्रीवाल्याला. सगळे हसले. तू ताट खाली ठेवलंस आणि उठून गेलास. मला वाटलं, यावलची शेवटची बस असेल. त्या दिवाळीला तुझ्याकडून केळीचा घड आला नाही, पुढच्या दिवाळीलाही नाही. मी झमकूला म्हणालो, वना लेकीच्या गावाला राहायला गेला आणि बदलला. ती काही बोलली नाही. आज कळतं की तिने तेव्हाही काठ दातात धरलेला होता.

तू एका वाक्यात मला त्या हॉलमध्ये गप्प करू शकला असतास. मोत्या, तुझ्या बायकोला विचार, एवढंच. ते तू बोलला नाहीस, कारण ती गोष्ट तुझी नव्हती, तिची होती. मी दोन दिवस दुकानावर गेलो नाही. तुझ्या आईने उसवून दिलेलं ते बारदान मी त्या वेळी काय केलं, आठवायचा प्रयत्न केला. गाडीखाली तेल गळतं म्हणून अंथरलं होतं. हे तुला माहीत नसावं, पण आज काही ठेवायचं नाही म्हणून लिहितो. त्याच आईच्या हातचं भरीत आणि कळण्याची पुरी मी बापूजींना चोरून तुमच्या मळ्यात खाल्ली, दर हिवाळ्यात, केळीच्या पानावर. वांगं आमच्या जैन घरी चालत नाही, म्हणून ती मला घरी जाण्याआधी बडीशेप द्यायची. वना, माझं चुकलं. ताडपत्रीचं चुकलं ते लहानपण होतं. माईकवरचं लहानपण नव्हतं, बासष्ट वर्षांचा होतो.

आता कामाचं. भाऊबिजेला वीस दिवस आहेत. अर्हम गुरुवारी सकाळी यावलला तुझ्या दाराशी येईल, बंद गाडी घेऊन. तू ये. बारदान, शेडनेट, शेवरीच्या काटक्या, जे तुला योग्य वाटेल ते घेऊन ये. भोकं केवढी, उंची किती, ते तू ठरव. अर्हम धागे बांधेल, मी रुमाल बांधून शेजारी बसेन, आणि पाळधीच्या स्टँडवर कुणी हसलं तर या वेळी गाडी मी ढकलेन. माझ्या दुकानातलं काही लागणार नाही. हे मी माझ्यासाठी मागत नाही. धुळ्याच्या त्या गल्लीत कुणी तिचं डोकं उघडं पाहिलेलं नाही, भावाने तर नाहीच, आणि केस गेल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. पोहोचेपर्यंत रुमाल जागेवर राहायला हवा. औषधाने तिचं तोंड आलं आहे, आतून सगळं सोललंय, पाणीसुद्धा चमच्याने पिते. या वेळी तिला दातात काही धरता येणार नाही. आणि ती म्हणते, आलं असतं तरी धरलं नसतं, कारण तिला या वेळी वाटेत माझ्याशी बोलायचं आहे.

तुझाच,
मोती